‘टक्कल व्हायरस’ नाव ठेवणाऱ्या वार्ताहरास खुले पत्र



जानेवारी २०२५मध्ये तुम्ही माइक घेऊन बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगण्यात येऊन धडकलात. डोक्याला खाज, कुणाला ताप आणि तीन-चार दिवसांत केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात, अशी लोकांची गत झाली होती. तपासणीचा अहवाल यायचा होता. तुमचं नाव मात्र तयार होतं, ‘टक्कल व्हायरस’. मग म्हणालात, ‘ताई, जरा ओढून दाखवा.’ सरकार लक्ष घालेल या आशेनं ताईंनी केस ओढून दाखवले. तो व्हिडिओ तुम्ही दिवसभर फिरवलात, चेहरासुद्धा न झाकता.

व्हायरस म्हटल्यावर माणसं चार हात लांब राहतात, हे कोरोनानंतर तुम्हाला शिकवायला नको होतं.

केस पुरुषांचेही गेले. पण गडी टोपी घालून पारावर बसू शकतो. बाईचं काय? संक्रांतीचे दिवस, घरोघरी हळदीकुंकू. एका हातानं डोक्यावरचा पदर घट्ट धरायचा, दुसऱ्या हातानं वाण घ्यायचं, आणि गजरा पुढे आला की मान खाली घालायची. आपल्याकडे नवरा गेला की बाईचं केशवपन करत. १८९०मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला होता. ती प्रथा गेली. बोडकं डोकं पाहून चपापणारी नजर गेली नाही, आणि त्याच नजरेपुढे तुम्ही त्या बायकांना नेऊन बसवलंत. तरुण मुलींचं शिक्षण अडलं, लग्नाची बोलणी अडली, हे या केसगळतीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सांगितलं. तुमच्या बातमीत त्याला जागा मिळाली नाही.

याच बावस्करांनी १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद केली आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण बेसुमार असल्याचं दाखवलं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांतही ते वाढलेलं होतं. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखंही जातात. पण ते एकीचं दुसरीला लागत नाही. कंगव्यातून नाही, शेजारी बसून नाही, एका ताटात जेवूनही नाही. शरीरातलं प्रमाण उतरलं की केस बहुधा परत येतात.

हे सांगायला तुम्ही फिरकला नाहीत. ‘हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही’, गावाला एवढ्या एका वाक्याची तेव्हा सगळ्यात जास्त गरज होती.

म्हणून आता या. त्याच गावांत, तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगा की हा आजार संसर्गाचा नव्हता. चेहरा दाखवलेल्या प्रत्येक बाईची माफी मागा. आणि त्याआधी ते व्हिडिओ काढून टाका. डोक्यावर केस आले तरी व्हिडिओ मोबाइलमध्ये राहतात, आणि मुलगी पाहायला येणाऱ्यांच्या खिशात मोबाइल असतो.

बुलढाण्याच्या या लेकीबाळींची काळजी वाहणारी,
एक वाचक