भाच्याचं अंडं

पिशोर हे कन्नड तालुक्यातलं मोठं गाव. मंत्रालयातून निघालेला निधी इथवर पोचेपर्यंत वाटेत बरेच मुक्काम करतो. काटकसर मात्र थेट येते.

२८ जानेवारी २०२५ रोजी शालेय शिक्षण विभागाने असाच एक शासन निर्णय काढला. शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठी आणि साखरेसाठी सरकार यापुढे वेगळा पैसा देणार नाही. हवं असेल तर शाळांनी ते ‘लोकसहभागा’तून मिळवावं. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. नगाला पाच रुपये, वर्षाला सुमारे ५० कोटी. सव्वा वर्षात कोंबडी दमली नाही, तिजोरी दमली.

दीड महिन्यात, १० मार्चला, अजित पवारांनी सात लाख कोटींच्या वर खर्चाचा अर्थसंकल्प मांडला. महसुली तूट ४५,८९१ कोटी. अंड्याचा खर्च या हिशेबात हजार रुपयांमागे सात पैसे भरतो. वाचलेल्या ५० कोटींनी तूट बुजवायची तर अशी आणखी ९१७ अंडी शोधावी लागतील, आणि वित्त विभागाची चिकाटी पाहता ती सापडतीलही.

याच अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींसाठी ३६ हजार कोटी होते. बहिणीला दरमहा १,५०० रुपये मिळतात ते चांगलंच. तिच्या घरात त्या पैशांना वाटा फुटायला वेळ लागत नाही. पण नातं जोडलं की ते पुढेही जातं. सरकार भाऊ, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत ताट घेऊन बसलेलं पोर सरकारचा भाचा. मामाने बहिणीला ओवाळणी घातली आणि भाच्याच्या ताटातलं अंडं उचललं. वर म्हणाला, गावात वर्गणी काढा.

भाचा एकटा नाही. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या हाती ५६ टक्केच पगार पडला, कारण प्रवासभाड्यातल्या सवलतींचे पैसे सरकारकडून पुरते आले नव्हते. सवलत सरकारची, टाळ्या सरकारला, उसनवारी कंडक्टरच्या घरी. पुढच्याच महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी बहिणींकडे वळले, तेव्हा हे खातं नको असेल तर बंदच करा, असं जाहीरपणे म्हणाले ते खुद्द त्या खात्याचे मंत्री आणि पिशोरच्या जिल्ह्याचे पालकमंत्री संजय शिरसाट. पालकच पालकसभेत रडायला लागले तर मुख्याध्यापकांनी कुणाकडे बघायचं?

तर आता लोकसहभाग. पिशोरसारख्या गावात तो नवा नाही. सप्ताह, भंडारा, मंदिराचा कळस सगळं वर्गणीवरच होतं, आणि अद्रकीला भाव असला तर शेतकरी हात आखडत नाही. शाळेलाही लोक पंखा देतात, घड्याळ देतात, पाण्याची टाकी देतात. पंख्याच्या पात्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवता येतं, वडिलांचं नाव वर्षानुवर्षं गरगरत राहतं. अंडं देणाऱ्याची मात्र पंचाईत आहे: नाव घालायचं ते टरफलावर, आणि पोरं ते आधीच सोलून टाकणार.