जॅकेटाचं पूर्वायुष्य

भाच्याने धारावीतून लेदर जॅकेट आणलं. मेंढीच्या कातड्याचं, काळंभोर आणि इतकं चकचकीत, की समोर उभं राहून भांग पाडावा. "मामा, तेच तर वांधे झालेत," तो म्हणाला, "फारच नवं दिसतंय रे." नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक पुढच्या दसऱ्यापर्यंत न काढणाऱ्या आमच्या घराण्यात ही तक्रार प्रथमच ऐकू आली.

मूळ गुन्हेगार इंडियाना जोन्स. 1981 साली त्याचा पहिला चित्रपट आला, त्याच्या वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन. नायक हॅरिसन फोर्डचाच स्विस चाकू आणि एक तारेचा ब्रश घेऊन त्यांनी कोरी जॅकेटं खरवडली होती. भाच्याला तसा ब्रश मिळाला नाही, म्हणून त्याने भांड्यांची तारेची घासणी उचलली. "कढईचं बूड तसंच आहे आणि हे काय घासतोयस?" ताईने विचारलं. प्रश्न रास्त होता.

शिवाय कातडं दाद देईना. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. ऊन, घाम, तेल मिळेल ते पिऊन ते आपणहून काळवंडतं. जॅकेटाचं कातडं क्रोमच्या क्षारांत कमावलेलं, वर रंग आणि रंगावर प्लास्टिकसारखा पातळ थर. तो थर आहे तोवर जॅकेट चिरतरुण. तो उतरवायला असिटोन लागतं, असिटोन नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतं आणि ती बाटली ताईच्या कपाटात असते. पुढचा तंटा सांगत बसत नाही.

तसा खात्रीचा उपाय एकच, जॅकेट अंगात घालून झिजवणं. पण पुण्यात लेदर जॅकेट घालण्याजोगी थंडी पडते किती? त्या वेगाने हे जॅकेट भाच्याच्या निवृत्तीच्या सुमारास तरुण दिसेनासं झालं असतं. मी त्याला राणी एलिझाबेथचं उदाहरण दिलं. राणीचे नवे बूट आधी त्यांचा पोशाख सांभाळणाऱ्या अँजेला केली घालून फिरायच्या. दोघींचं माप एकच होतं. "आपल्या चौकातल्या भाजीच्या टेम्पोवाल्याला दे सहा महिने. माल चढवून-उतरवून अस्सल झिजवून देईल." मी गंमत केली होती. त्याने भाडं किती पडेल ते विचारलं.

अखेर चारशे नंबरचा पॉलिश पेपर आला आणि खरी पंचाईत सुरू झाली: घासायचं कुठे? झीज वाटेल तिथे होत नाही. ती कोपरांवर, खिशाच्या तोंडाशी, कॉलरच्या घडीवर, बाह्यांच्या कडांवर होते. म्हणजे माणूस जसा जगला तिथे. जॅकेट जुनं करायचं तर आधी त्याला पूर्वायुष्य हवं. भाच्याला वाळवंट, गुहा, खांद्यावरचा दोरखंड अपेक्षित होता. पण तो हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासतो. मी प्रामाणिकपणे जागा दाखवल्या. उजवा खांदा, तिथे लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा येतो. पोटावर तिरकी रेघ, सीटबेल्टची. डावं कोपर, मीटिंगमध्ये गाल टेकायचं.

"मामा, असं केलं तर लोकांना कळेल ना मी काय करतो ते!"

"मग?"

त्याने माझ्या हातातून पॉलिश पेपर काढून घेतला आणि दोरखंडाचा घट्टा डाव्या खांद्यावर उमटवला. तो छान जमला, हे कबूल केलं पाहिजे. कोपरंही झकास करडी झाली. उजव्या खिशाशी मात्र हात जरा जास्त चालला. तिथे म्हैस रोज येऊन चाटत असावी असं दिसतं. त्यावर भाच्याचं म्हणणं, पिस्तूल तिथेच ठेवतात.

आता या जॅकेटाला शोभेलशी गाडी हवी म्हणून त्याने जुनी बुलेट घेतलीय. खरोखर जुनी, टाकीवर आधीच्या मालकाचे गुडघे घासून घासून रंग उडालेला, सायलेन्सरवर अस्सल ओरखडे. सध्या तो रोज गॅरेजवाल्याशी हुज्जत घालतोय. टाकी शोरूममधून आल्यासारखी चमकली पाहिजे, एक चरा दिसता कामा नये. जुना रंग घासायला उरलेला पॉलिश पेपरही त्याने घरूनच नेऊन दिलाय.