जावयाचा कागद

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९४१ मध्ये चीनमध्ये परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. चीन-जपान युद्धाच्या धामधुमीत चीनच्या या जावयाकडे कुणी रहिवासी दाखला मागितला असेल असं वाटत नाही. (झेरॉक्सची दुकानंही नव्हती म्हणा.)

युरोपात मात्र २००८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयालाच भटजी व्हावं लागलं. आयर्लंडने आश्रय नाकारलेल्या चौघांनी तिथेच राहणाऱ्या ब्रिटिश, पोलिश, जर्मन बायका केल्या होत्या. न्यायालय म्हणालं, बायको इथे राहते, तर नवराही राहणार. गंमत पुढेच आहे: बायको आयरिश असती, तर हा युरोपीय हक्क लागू नव्हता. घरचीच सोयरीक, तिला कसला मानपान!

आपण हसायला नको. परदेशी जावयाने भारतात सात वर्षं काढल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करायचा. तेवढ्यात दोन तरी अधिक मास येऊन जातात. धोंडे खाऊन जावई तृप्त, फाईल उपाशी. आणि तो कागदांविना आलेला असेल, तर त्याला सहसा अर्जही करता येत नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा? तो आपण केलेलाच नाही, त्यामुळे मोडायचीही भीती नाही.