हात लावला, सुटलो

रविवारी पहाटे चार वाजता पुण्यात जागं कोण असतं? दूधवाले, पेपरवाले आणि सिंहगडवाले. पहिल्या दोघांना निदान पैसे मिळतात.

सिंहगडवाल्यांना मिळतं ते टायमिंग. गडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत हल्ली नमस्कार-चमत्कार होत नाहीत. सरळ "किती?" असं विचारतात आणि उत्तर मिनिटांत द्यायचं असतं. वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, चढ सुमारे 600 मीटरचा. नवख्याला दीड तास लागतो, नेहमीचा गडी 40 मिनिटांत उरकतो. आणि ज्याला 45 लागली, तो सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं नसताना सांगतो, "वाटेत गर्दी फार हो!"

600 मीटर चढायला आलेल्या या गड्याची गाडी मात्र वाटेच्या तोंडाशीच लागली पाहिजे. त्यासाठी तो अंधारात तीन चकरा मारेल, पार्किंगवाल्या पोराशी हुज्जत घालेल, पण शंभर पावलं लांब लावणार नाही. ती शंभर पावलं टायमिंगमध्ये कुठे धरतात?

खरी चढाओढ चालते ती मनगटावरच्या घड्याळांत. ही घड्याळं दोन आकडे दाखवतात: एक एकूण लागलेला वेळ, दुसरा फक्त पाय हलत होते तेवढाच वेळ. या दोन आकड्यांच्या फटीत ताकवाल्या मावशींचं दुकान थाटलेलं आहे. ताक पिताना घड्याळ थांबवायचं की चालू ठेवायचं, यावर मित्रमंडळं फुटली आहेत. चालू ठेवणारे स्वतःला सत्यवादी समजतात आणि ताक उभ्या उभ्या, घशाखाली ओतल्यासारखं पितात. थांबवणारे निवांत बसून काकडीही खातात आणि स्ट्राव्हा ॲपवर त्यांचाच आकडा सरस दिसतो. मावशींना कुणी "किती?" विचारत नाही. डोक्यावर हंडा घेऊन त्या या सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या असतात. उगाच विचारून रविवार कशाला नासवा!

यात एक वजनदार पंथही आहे. पुण्याचे गिर्यारोहक हिमालयातल्या मोहिमांआधी पाठीवर ओझं घेऊन इथे सराव करतात. त्यांना पुढे कुठेतरी जायचं असतं. त्यांचं पाहून आता पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन सॅकमध्ये भरून काही जण चढतात आणि वर पोचले की धापा टाकत लिंबूसरबत विकत घेतात. कॅनमधलं पाणी पीत का नाही? अहो, ते वजन आहे.

उतरताना हीच मंडळी जीपमध्ये दिसली तर दचकू नका. चढताना छातीचा भाता फुलतो, पण उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघे आणि मांड्या पेलतात, हे अगदी खरं. फक्त ही शरीरशास्त्राची आठवण त्यांना नेमकी पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही झाल्यावर होते.

पण जीपवाले परवडले, ते निदान गडावर तरी जातात. कट्टर टायमिंगवाला जातच नाही. तो पुणे दरवाजाला हात लावतो, घड्याळ दाबतो आणि आल्या पावली फिरतो. त्यातही वाद आहेच, कारण पुणे दरवाजा एक नाही, एकामागे एक असे तीन आहेत. पहिल्याला हात लावणारा तिसऱ्यापर्यंत जाणाऱ्याला वेडा म्हणतो आणि तिसऱ्यावाला पहिल्याला चोर. कल्याण दरवाजा, देवटाकं, टिळकांचा बंगला हे सगळं पुढे आहे, अशी ऐकीव माहिती दोघांनाही असते. फेब्रुवारी 1670 मध्ये तानाजी मालुसरे अंधारात डोणागिरीचा कडा चढून गेले, ते दरवाजा टाळून गड घ्यायचा होता म्हणून. यांना दरवाजा तेवढा हवा असतो, गड नको.

परवा अशाच एका घामाघूम गृहस्थांना सहलीला आलेल्या शाळकरी मुलीनं दरवाजात गाठलं. ते दर रविवारी येतात, हे त्यांच्या टी-शर्टावरच छापलेलं होतं. म्हणून तिनं विश्वासानं विचारलं, "काका, तानाजींची समाधी इथून किती लांब आहे?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "समाधीचं काही माहीत नाही बुवा. खाली आतकरवाडीला मात्र 22 मिनिटांत पोचशील."