साहेब खूश आहेत

क्लायंट फोनवर कामाची स्तुती करू लागला की पुढच्या महिन्याचा हिशेब नव्याने मांडायला घ्यावा. ज्याला काम चालू ठेवायचं असतं तो स्तुती करत नाही. तो म्हणतो, “लोगो जरा मोठा करा.” असं म्हणणारा माणूस आपला. “सर, तुमचं काम म्हणजे एकदम टॉप, साहेब खूश आहेत,” असं म्हणणारा गेला.

मला हा फोन पितृपक्षात आला. पितृपक्षात लोक घर बुक करत नाहीत, गाडी घेत नाहीत, स्थळ बघायला जात नाहीत. चालू काम बंद करायला मात्र मुहूर्त लागत नाही. पलीकडून बिल्डरसाहेबांचे मार्केटिंग मॅनेजर बोलत होते. साहेब खूश असल्याचं परत परत सांगून झाल्यावर म्हणाले, “काय आहे ना सर, साहेबांचा भाचा आलाय. बीबीए झालाय. त्याला मोबाइलवर सगळं येतं. तर आजपासून आपण थांबू या.” थांबणार मी एकटाच होतो, पण त्यांनी सोबत दिली.

करार पाडवा ते पाडवा असा होता. प्रत्येक सणाला कंपनीतर्फे व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवर शुभेच्छांची पोस्ट करून द्यायची, एवढंच काम. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय. आमच्याकडे ते बघून आई उपास धरते आणि मी बिलं करायचो. नागपंचमी, पोळा, हरतालिका, अभियंता दिन, काही म्हणून सोडायचं नाही. पाडव्याची गुढी उभारायची ती अठराव्या मजल्याच्या बाल्कनीत. गणपतीत एकीकडे बाप्पा, दुसरीकडे हात जोडलेले साहेब, आणि दोघांपैकी कोण मोठं दिसावं यावर विसर्जनापर्यंत चर्चा.

आषाढीचं मात्र मी जन्मात विसरणार नाही. विठोबा मनासारखा जमला होता. कमरेवर हात, गळ्यात तुळशीची माळ, मागे निळसर पहाटेतली चंद्रभागा. तासाभरात मॅनेजरांचा मेसेज आला : “साहेब म्हणतायत, वीट रिकामी आहे. तिथं लोगो घ्या.” अठ्ठावीस युगं देव ज्या विटेवर उभा आहे, तिच्याकडे मोकळी जागा म्हणून बघायला माणूस जातीचा बिल्डरच हवा. मी घेतला लोगो. विटेच्याच रंगात, कोरल्यासारखा, दिसेल न दिसेल असा. उत्तर आलं, “जरा मोठा करा.” साहेबांच्या नजरेला मी आजही मानतो.

तर, काम गेलं. घरी सांगितलं, आणि तिथं खरी पंचाईत झाली. नोकरी गेलेल्या माणसाशी घरचे दोन दिवस तरी हळू आवाजात बोलतात, त्याच्या आवडीची भाजी करतात. पण काम गेलं हे पटवायला मला आधी ते होतं हे पटवावं लागलं. बायको रोज बँकेत जाते, म्हणजे ती कामाला आहे. मी आतल्या खोलीत बसतो, म्हणजे मी घरी आहे. आणि जो घरी आहे त्याच्याकडे गॅसवाला येतो, सोसायटीचा प्लंबर येतो, शेजारच्या काकूंचं कुरिअर येतं.

आई म्हणाली, “बरं झालं. दिवाळीआधी माळे काढायचेच होते.”

बायकोने बँकेतल्या आवाजात विचारलं, “येणं किती आहे?”

काकू म्हणाल्या, “म्हणजे आता दिवसभर घरीच का?” आणि त्यांनी कुरिअरवाल्याला माझा नंबर कायमचा देऊन टाकला.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी पेपर खाली ठेवला. “नोटीस किती दिवसांची दिली?”

“नोटीस नाही. फोन आला.”

“फोन? पीएफचं काय?”

“नसतो.”

“ग्रॅच्युइटी?”

“बाबा, ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं नोकरी लागते. त्याच्याही आधी नोकरी लागते.”

ते थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “कागद आण.”

कागद होता. माझा एक मित्र सीए आहे, त्याने बजावलं होतं की तोंडी ठरलेलं काम म्हणजे उसनवारी. त्याच्याच धाकाने मी दोन पानांचा करार करून घेतला होता. बाबांनी जवळचा चष्मा लावला आणि कपाटातून मंडळाच्या काळातली लाल-निळी पेन्सिल काढली. एका ओळीखाली पट्टी ठेवायची, ओळ ओठांतल्या ओठांत वाचायची, पट्टी खाली सरकवायची. असं करत माझं नाव, पत्ता, पॅन नंबर, सगळं त्यांनी तपासलं. कलम सातपाशी पट्टी थांबली. मुदतीआधी करार संपवायचा तर एका महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर त्या महिन्याचे पैसे. त्यांनी खाली लाल रेघ मारली, पुन्हा त्याच रेघेवरून पेन्सिल फिरवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे तू रीतसर कामाला होतास!”

एवढी वर्षं मी काम करत होतो त्याची घरात नोंद झाली ती अशी, काम गेल्यावर.

मी तोवर एक मेल लिहून ठेवला होता. “हाय सर, होप ऑल वेल, एक छोटीशी आठवण,” आणि पुढे हसरा चेहरा. बाबांनी तो वाचला. “वर्गणी मागतोयस का?” मग स्वतः मसुदा घातला. विषय : करार मुदतपूर्व संपुष्टात आणल्याबाबत. संदर्भ : १) उभयपक्षी करार, कलम ७. २) आपला दूरध्वनी. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की... त्या ‘कळविण्यात येते’मध्ये कोण कळवतंय ते कळत नाही. सबंध मंडळ कळवतंय असं वाटतं.

सीए मित्राने त्यात दोन वाक्यं घुसवली. माझी उद्यम नोंदणी आहे, तेव्हा २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मी म्हटलं, “बिल्डर व्याजाला कशाला भिईल?” तो म्हणाला, “व्याजाला नाही भीत. आयकराला भितो. २०२४ पासून सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, दिल्यावरच मिळतो. मॅनेजरला नसेल माहीत. त्यांच्या अकाउंटंटला झोपेत माहीत असेल.”

पत्र रजिस्टर एडीनेच जायला हवं, असा बाबांचा आग्रह. पोस्टात जाऊन आले ते गप्पच. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, हे त्यांना खिडकीवर कळलं. माझ्या बातमीपेक्षा ही बातमी त्यांना जास्त लागली.

मध्येच मॅनेजरांचा मेसेज : “सर, जाता जाता सगळ्या ओपन फाइल पाठवा ना, भाच्याला सोपं पडेल.” म्हणजे विठोबा मोकळा करून द्यायचा, वीट वेगळी, लोगो वेगळा. बाबा म्हणाले, “लिही. सदर बाब करारात अंतर्भूत नाही.” लिहिलं. त्यावर मॅनेजरांनी अंगठा पाठवला.

मग एका दुपारी अकाउंट्समधून फोन. “सर, एवढं पत्र कशाला पाठवायचं? फोन करायचा ना!” करार फोनवर संपवणाऱ्यांना पैसेही फोनवरच मागितलेले आवडतात. आठवड्याच्या आत थकलेलं बिल आणि नोटिशीच्या महिन्याचे पैसे जमा झाले. टीडीएस कापायला ते विसरले नव्हते.

भाचा कामाला लागला. दसऱ्याच्या पोस्टवर आपट्याच्या पानांच्या जागी द्राक्षाच्या वेलीसारखी काहीतरी पानं होती. नाशिकची जाहिरात म्हणून ती खपली असती. पण कोजागिरीला त्याने कमाल केली. मसाला दुधाचा ग्लास, केशर, पिस्ते, मागे साहेबांचा टॉवर आणि टॉवरच्या डोक्यावर नाजूक चंद्रकोर. कोजागिरीला! आईने मोबाइल लांब धरून बघितलं आणि आधी भिंतीवरचं कालनिर्णय तपासलं.

रात्री मॅनेजरांचा फोन. आवाज पडलेला. “सर, तो चंद्र जरा गोल करून द्याल का? पाच मिनिटांचं काम आहे.” मी पाच मिनिटांचा दर सांगितला. “साहेबांना विचारून सांगतो,” म्हणाले. अजून सांगितलेलं नाही, आणि कोरही वाढलेली नाही.

दिवाळी तोंडावर आलीय. वाचकांपैकी कोणाचं दुकान असेल, क्लास असेल, दवाखाना असेल आणि वसुबारस ते भाऊबीज शुभेच्छा हव्या असतील, तर जरूर कळवा. निम्मे पैसे आगाऊ, एका महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी, ओपन फाइल मागू नये. पत्रव्यवहार बाबांशी करावा.