छाती : साधी आणि फुगवून

चिरंजीवांनी दिवाळीच्या सुट्टीत जाहीर केलं, "मी एसपीआयचा फॉर्म भरणार." हे वाक्य त्याने सकाळी साडेनऊला अंथरुणातूनच उच्चारलं, हेही नमूद केलं पाहिजे.

"एसपी म्हंजी पोलिसातला ना?" आजीने विचारलं.

आमच्या शहरातल्या सिडकोत एन-12 मध्ये राज्य सरकारने 1977 साली काढलेली सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, हे नाव एका दमात तिला सांगणं म्हणजे आधीच अर्धी शारीरिक चाचणी. दहावी झालेली मुलं तिथे अकरावी-बारावीची दोन वर्षं राहतात आणि एनडीएच्या परीक्षेला बसतात. भाजीची पिशवी घेऊन त्या बाजूने जाताना मी आजवर नुसता थोडा ताठ चालत आलो होतो. आता तिथे आमचंच पोर जायचं म्हणत होतं.

"पण सैनिक शाळा साताऱ्याला असते ना?" हिने विचारलं.

"मग तर लईच बरं," आजी म्हणाली, "डबा नेऊन देता येईल."

आमच्या शहराला स्वतःचा एक सातारा आहे, खंडोबाचा, रेल्वे रुळांपलीकडे. तो हा नव्हे, हे समजावण्यात दुपार गेली. त्या दुसऱ्या साताऱ्यातली शाळा 23 जून 1961 ला सुरू झाली, देशातली पहिली सैनिक शाळा. पण तिथे सहावीला नाहीतर नववीला शिरायचं असतं. चिरंजीव सहावीत असताना भोवरे जमवत होते. धाकटीने मात्र सगळं कान देऊन ऐकलं आणि मुलींसाठी 2023 पासून नाशिकला अशीच संस्था आहे, ही माहिती आमच्या पुढ्यात ठेवून ती निघून गेली.

फॉर्मसाठी डोमिसाईल लागतं. ते काढायला मी सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहिलो आणि सैन्याला लागणारी चिकाटी बापाच्या अंगी आहे, हे सिद्ध केलं. 'उमेदवार अविवाहित असावा' ही अट वाचून आजीने नातवाकडे बराच वेळ पाहिलं. तिचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं. अट तिला अजिबात विनोदी वाटली नाही.

खरा गोंधळ छातीचा. श्वास भरल्यावर ती 5 सेंटीमीटर फुगली पाहिजे. हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप बाहेर आली. पोराची साडेतीन फुगली. मग माझी मोजली. श्वास भरल्यावर माझी छाती होती तिथेच राहिली, पोट तेवढं आत गेलं. हिने तो आकडा वहीत लिहिला नाही, ही तिची माया. तेव्हापासून घरात सगळेच खोल श्वास घेऊ लागले. नळाला पाणी यायची रात्र सोडली तर पहाटे चारला न उठणारं हे घर आता साडेपाचला गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी उभं असतं. पोरगा वर जाऊन परत येतो तोवर मी बुटाची नाडी बांधत असतो.

लेखी परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात. हे मला फार आवडलं. हा नियम आमच्या नातेवाइकांच्या बैठकीला लावला असता तर कितीतरी लग्नं शांततेत पार पडली असती.

लेखीनंतर मुलाखत. तिची तालीम रविवारी जेवणाच्या टेबलावर झाली. मी अध्यक्ष. "सैन्यात का जायचंय?" त्याने पाठ केलेलं उत्तर खणखणीत दिलं. एनडीए कुठे आहे, खडकवासल्याला. एसएसबी, म्हणजे एनडीएच्या लेखीनंतरची निवड-मुलाखत, किती दिवस चालते, पाच. हिने विचारलं, "मोजे कोण धुणार?" तो चाचरला, पण सावरला.

मग भाकरी थापता थापता आजीने विचारलं, "आन् घरची सय आली तर रे?"

तो ताटाकडे बघत राहिला. मीठ उगाच इकडून तिकडे केलं.

"येत नसेल तर सोडून द्यायचा, आजी," तो म्हणाला. "निगेटिव्ह मार्किंग आहे."