क्लार्ककर

‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारल्यावर जो अमेरिकन माणूस आधी घड्याळाकडे बघतो, तो क्लार्ककर समजावा. तुमच्याकडे वेळ किती आहे, याचा तो अंदाज घेत असतो. वेळ नसेल तर ‘टेक्सास’ म्हणून मोकळा होतो. आहे असं दिसलं, की खुर्ची पुढे ओढतो. जन्म जर्मनीत, लष्करी इस्पितळात. बालवाडी ओक्लाहोमात. दुसरी-तिसरी जपानात, पाचवी कुठल्याशा वाळवंटात, सहावी दोन ठिकाणी मिळून. एवढं सगळं तो रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं एका सुरात सांगून टाकतो. मग थांबतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, ‘पण खरं म्हणजे मी क्लार्कचा.’

क्लार्क म्हणजे फिलिपिन्समधला क्लार्क हवाई तळ. मनिलाच्या उत्तरेला, अँजेलिस शहराला लागून. तिथं अमेरिकन सैनिकांच्या मुलांसाठी वॅगनर हायस्कूल होतं. आता तळ अमेरिकेचा नाही आणि शाळाही नाही. माजी विद्यार्थी मात्र आहेत, आणि आमच्या सॅन अँटोनिओत तर पैशाला पासरी आहेत. हे गाव लष्करी, हवाई दलाच्या पेन्शनरांचं. त्यांची मुलंही म्हातारपणी इथंच येऊन विसावतात. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव करतात, हे मी एकदा शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी ते तिथल्या तिथं पदरात पाडून घेतलं. तेव्हापासून ते क्लार्ककर, आणि त्यांच्यासारखे बाकीचेही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेची फौज जर्मनीत-जपानात राहिली. मागून बायका-मुलं आली. मुलं आली म्हटल्यावर १९४६ पासून शाळा निघाल्या. फौज जिथं जिथं, तिथं शाळा. बापाची बदली दर दोन-तीन वर्षांनी, त्यामुळे शिक्षण एका इमारतीत सुरू व्हायचं आणि तिसऱ्या खंडात संपायचं. रूथ हिल यूसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ म्हटलं. ही कल्पना बाईंना सुचली ती १९५० च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकन लोकांचा अभ्यास करताना. हे कळल्यापासून शेजारी माझ्याकडे जरा नात्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

आता गंमत अशी, की क्लार्ककर क्लार्कमध्ये फार दिवस राहिलेला नसतो. आमच्या शेजाऱ्यांचा मुक्काम सव्वादोन वर्षांचा. त्यांच्या पत्नी ओहायोतल्या एका खेड्यातल्या. चार पिढ्या त्याच चर्चच्या आवारात पुरलेल्या. त्या एकदा कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, ‘माझ्याबरोबर चाळीस वर्षं काढली, त्याच्या गोष्टी दहा मिनिटांत संपतात. सव्वादोन वर्षांच्या अजून चालूच आहेत.’ क्लार्ककरांनी मान डोलावली. त्यांना त्यात तक्रार दिसलीच नाही.

पण राहणं थोडं आणि हजेरी मोठी, हा या जातीचा विशेष आहे. १२ फेब्रुवारी १९७३ ला हनोईच्या तुरुंगातून सुटलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांचं पहिलं विमान क्लार्कला उतरलं. मला आजवर भेटलेला प्रत्येक क्लार्ककर त्या दिवशी धावपट्टीच्या कडेला हात हलवत उभा होता. त्यातल्या काहींच्या वडलांची बदली क्लार्कला १९७९ मध्ये झाली. हिशेब दाखवला तर म्हणतात, ‘तारीख सोडा हो, माहोल सांगतोय.’ फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस राजवाडा सोडून पळाले ते हेलिकॉप्टरनं आधी क्लार्कलाच आले आणि तिथून हवाईला गेले. त्या रात्रीसुद्धा तळावर सगळे जागे होते म्हणे. एक बाई सांगत होत्या, मार्कोसांच्या पत्नी इमेल्डाबाई त्यांच्या अंगणावरून गेल्या. वरून, म्हणजे हवेतून.

या सगळ्यावर कळस पिनातुबोचा. तळाच्या पश्चिमेचा हा डोंगर पाचशे वर्षं गप्प होता. एप्रिल १९९१ मध्ये तो धुमसायला लागला. १० जूनच्या सकाळी तळावरच्या सुमारे १५ हजार माणसांना गाड्या काढून सुबिकच्या नौदल तळाकडे जायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत परतू, अशा बेतानं लोकांनी पिशव्या भरल्या. १५ जूनला डोंगर फुटला, आणि मुहूर्त असा, की त्याच दिवशी युन्या नावाचं वादळ डोक्यावर. राख पावसात भिजली, जड झाली आणि छपरं खाली आली. सुबिकलाही राखेनं सोडलं नाही. तिथून जहाजं आणि विमानं भरभरून माणसं मायदेशी पाठवली गेली. २६ नोव्हेंबर १९९१ ला अमेरिकेनं क्लार्क फिलिपिन्सच्या हवाली केलं.

तळ नेमका कुणी बंद केला, यावर क्लार्ककरांत दोन तट आहेत. एक ज्वालामुखीवाल्यांचा, दुसरा सिनेटवाल्यांचा. तळांचा करार १९९१ मध्ये संपतच होता आणि १६ सप्टेंबरला फिलिपिन्सच्या सिनेटनं नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला, हे खरं. पण तोवर अमेरिकेनं क्लार्कवर पाणी सोडलेलं होतं; सिनेटपुढचा खरा प्रश्न सुबिकचा होता. माझं मत ज्वालामुखीच्या बाजूचं. मी ते बोलून दाखवत नाही, कारण दोन्ही तटांकडून जेवायचं आमंत्रण येतं.

पिनातुबोचा त्यांना अभिमान किती म्हणून सांगावा! त्याच्या धुरळ्यानं पुढच्या वर्ष-दीड वर्षात पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशानं खाली आलं. हे सगळं श्रेय क्लार्ककर शाळेच्या खात्यावर जमा करतो. ‘हार्वर्ड मोठं असेल, पण जगाचं तापमान उतरवलंय का कधी?’ असल्या बंद पडलेल्या लष्करी शाळा पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात मानाची उतरंड लागते ती शाळा कशानं गेली यावर. त्रिपोलीजवळच्या व्हीलस तळावर शिकलेले वरच्या पायरीवर, कारण गद्दाफीनं सत्ता घेतली आणि १९७० मध्ये तळ सोडावा लागला. फ्रँकफर्टची शाळा १९९५ मध्ये शीतयुद्ध संपल्यावरच्या कपातीत मिटली. तिथले विद्यार्थी दिसले, की क्लार्ककर त्यांच्याशी फार मायेनं बोलतो. बिचाऱ्यांची शाळा अंथरुणाला खिळून गेली.

त्यांचं स्नेहसंमेलन मी एकदा आतून पाहिलं. शेजाऱ्यांचा गुडघा दुखत होता म्हणून गाडी मी चालवली आणि मग ‘आलाच आहात तर’ म्हणून जेवायलाही थांबलो. दारातच प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावतात. बिल्ल्यावर नाव आणि शाळेच्या वार्षिकातला सोळाव्या वर्षीचा फोटो. त्यामुळे तिथं माणसं एकमेकांना भेटताना आधी छातीकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा छातीकडे. मधल्या वेळात काय वाटलं, ते दाखवायचं नाही असा संकेत आहे.

‘सध्या काय करता?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘कधी आलात, कधी गेलात?’ एक दणकट गृहस्थ जून ७८ ला गेलेले. समोरचे जुलै ७८ ला आलेले. म्हणजे दोघांनी शाळेत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तरी पाच मिनिटांत शोध लागला, की दोघांची कुटुंबं एकाच सरकारी घरात राहिली, एकामागून एक. दुसऱ्यांनी विचारलं, ‘मागच्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आत पेन्सिलीनं उंचीच्या रेघा होत्या. सगळ्यांत वरची तुमची?’ पहिले हो म्हणाले. ‘मी तुम्हाला दोन इंच मागे टाकलं,’ दुसरे म्हणाले. ‘सहा महिने लागले.’ यावर दोघांनी कडकडून मिठी मारली आणि नंतर रात्रभर खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या.

बापाचा हुद्दाही कुणी विचारत नाही. ते असभ्य समजतात. फक्त घर कुठल्या रस्त्यावर होतं, एवढं विचारतात. आपण आडनाव विचारून जे काढून घेतो, ते तिथं रस्त्याच्या नावावरून निघतं. अधिकाऱ्यांची घरं एकीकडे, सार्जंटांची दुसरीकडे. रस्ता ऐकला, की चेहरा तोच राहतो, पण पाठ अर्धा इंच सरळ होते किंवा सैल पडते. पन्नास वर्षं झाली, बाप अर्लिंग्टनच्या दफनभूमीत गेला, तरी पाठीला हुद्दा आठवतो.

पाचच्या ठोक्याला एकानं मोबाइलवर बिगूल वाजवला. तळावर संध्याकाळी झेंडा उतरवताना सगळं जागच्या जागी थांबायचं. मोटारी थांबायच्या, सायकलवरची पोरं उतरून उभी राहायची. हॉटेलच्या दिवाणखान्यात साठी-सत्तरीची माणसं हातातली बशी तशीच धरून ताठ झाली. झेंडा कुठल्या दिशेला, यावर एकमत होईना. शेवटी बहुमत पार्किंगच्या बाजूला वळलं. एक मेक्सिकन वेटर पाण्याचे ग्लास घेऊन बरोबर मध्ये सापडला आणि बिगूल संपेपर्यंत तोही हलला नाही. तळावरच्या थिएटरात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागायचं. त्यामुळे दिवे मंद झाले, की क्लार्ककर आजही खुर्चीतून अर्धा उठतो. महाराष्ट्रातल्या थिएटरात अजून राष्ट्रगीत लागतं, असं मी सांगितलं तेव्हा शेजाऱ्यांनी पुण्याच्या विमानभाड्याची चौकशी केली.

जेवणात पान्सित नावाच्या शेवया आणि लुम्पिया. लुम्पिया म्हणजे बारीक गुंडाळलेला तळलेला रोल. दरवर्षी तो कुणीतरी करून आणतो आणि दरवर्षी तो चुकलेला असतो. ‘आमच्याकडच्या बाईच्या हातची चव याला नाही,’ असं दहा जण दहा बायांबद्दल म्हणतात. या बाया फिलिपिनो मोलकरणी, तळावरच्या घराघरांत असायच्या. क्लार्ककर त्यांच्याविषयी बोलताना डोळे पुसतो आणि ते खोटं नसतं. ‘ती माझी दुसरी आई होती,’ असं शेजारी म्हणाले, तेव्हा मी तिचं आडनाव विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. मग जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. फाटकाबाहेर सैनिकांच्या जिवावर उभी राहिलेली बारची वस्ती, हाही त्यांच्या आठवणींतला न बोलायचा विषय. फाटकाच्या आत गुलमोहर आणि जलतरण तलाव होता. गोष्ट तिथंच राहते.

काही जण परत जाऊनही येतात. क्लार्क आता मुक्त व्यापार क्षेत्र आहे. विमानतळ आहे, कसिनो आहेत, गोल्फ आहे. परेड ग्राउंडभोवतीची जुनी झाडं तेवढी उभी आहेत. शेजाऱ्यांनी तिथं टॅक्सी केली आणि चालकाला वाटेत सगळं समजावून सांगत बसले: इथं व्यायामशाळा, इथं बेकरी, इथं अमुक. चालक ऐकत होता. त्याची आई तळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, आणि तळ गेला तशी तिची नोकरीही गेली. त्यानं नम्रपणे विचारलं, ‘सर, तुम्ही इथं किती वर्षं होता?’ शेजारी म्हणाले, ‘सव्वादोन. आणि तुम्ही?’ तो म्हणाला, ‘एक्कावन्न.’ शेजाऱ्यांनी दुप्पट टीप दिली आणि हॉटेलवर येईपर्यंत काही सांगितलं नाही. ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

आता राहिला मंडळाचा कारभार. कुठल्याही शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळात दरवर्षी नवी तुकडी दाखल होते आणि खुर्च्या उचलण्यापासून सगळी हमाली तिच्यावर पडते. वॅगनरमध्ये १९९१ पासून भरती बंद. शाळा सुटली तेव्हा जे नववीत होते, ते मंडळातले शेवटचे कनिष्ठ. त्यांतला एकच नियमानं येतो. तो पन्नाशीचा आहे, चष्मा आहे, त्याच्या मुलीला मुलगा झालाय, आणि सगळे त्याला ‘ए पोरा’ म्हणतात. हॉटेल तो ठरवतो, वर्गणी तो गोळा करतो, बिल्ले तो छापतो, माईक बंद पडला, की सत्तरीची माणसं एका सुरात त्याच्या नावानं हाक मारतात. मी गेलो होतो तेव्हा तो कमरेला पट्टा बांधून घड्या घातलेल्या खुर्च्या व्हॅनमध्ये चढवत होता आणि शेजारी उभे राहून ‘पाठीतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक’ असं मार्गदर्शन करत होते.

त्या रात्री सर्वसाधारण सभेत पोरानं राजीनामा दिला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे, असं त्यानं लेखी आणलं होतं. अध्यक्षबाईंनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. सभेत थोडी कुजबुज झाली. मग मागच्या रांगेतून १९६६ च्या तुकडीचे एक गृहस्थ काठीवर उठले आणि म्हणाले, की मुलाची अडचण रास्त आहे. तेव्हा त्याच्या खालच्या वर्गातलं कुणी आलं, की लगेच त्याला मोकळं करावं, तोवर त्यानं सांभाळावं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पोरानंही हात वर केला, आणि मोजणी त्यालाच करायची असल्यामुळे स्वतःचं मत धरून आकडा जाहीर केला.